दोनदाच वापरलेला

ब्रिटनमध्ये विकायला निघालेला एकही ड्रायसूट फारसा पाण्यात गेलेला नसतो. इतकी वर्षं मी जाहिराती वाचतोय, विकणाऱ्यांना भेटतोय, पण "हा मी भरपूर वापरला, खडकांवर घासला, खाऱ्या पाण्यातून काढून ओलाच बॅगेत कोंबला" असं सांगणारा सत्यवचनी अजून भेटायचाय. सूट बारा वर्षांचा असतो. गुडघ्यांचं कापड झिजून पांढरं पडलेलं असतं, बुटांच्या टाचा गेलेल्या असतात आणि मालक निर्विकार चेहऱ्यानं सांगतो, "दोनदाच वापरलाय." उरलेली वर्षं तो सूट कपाटातल्या कपाटात रांगत असावा.

मालवण-तारकर्लीला डायव्हिंग केलेल्यांना हे प्रकरण ठाऊक असण्याचं कारण नाही. तिथलं पाणी २७-२८ अंशांचं. पातळ वेटसूट चढवला की काम भागतं. वेटसूटमध्ये पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेनं कोमट होतं. पण लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची पाण्यानं भरलेली जुनी दगडखाण आहे, आमची हिवाळ्यातली पंढरी. तिथं फेब्रुवारीत पाणी ५-६ अंशांवर येतं. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत तर बारा महिने २ ते ४ अंश. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. अशा ठिकाणी पाणी आत येऊच द्यायचं नसतं. त्यासाठी गळ्याला आणि मनगटांना रबरी सील, छातीवरून किंवा पाठीवरून जाणारी पाणी न झिरपू देणारी चेन, आत गरम अंडरसूट आणि या सगळ्यात कोंडलेली हवा. खाली जाताना ही हवा दाबानं आक्रसते, म्हणून छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरची हवा आत सोडत राहायची. वर येताना तीच फुगते, म्हणून डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर काढायची. असं हे अंगात घालायचं यंत्र आहे. बाजार मात्र ते शर्टाच्या भाषेत विकतो: रंग काळा, साइज लार्ज, कंपनी नामांकित, थोडासा वापरलेला.

जुना ड्रायसूट घेण्याला माझा विरोध नाही. नव्याची किंमत पाहिलेल्या कुणाचाच नसेल. बरा म्हणावा असा नवा सूट आठशे-हजार पौंडांच्या खाली सहसा मिळत नाही आणि सान्ती किंवा डीयूआय अशी नावं घेतलीत तर आकडा दोन-तीन हजारांकडे सरकतो. अंडरसूट वेगळा, हातमोजे वेगळे, शिकवणीचे पैसे वेगळे. पोराच्या नर्सरीची फी भरणारा माणूस एवढी रक्कम केवळ कुडकुडणं टाळायला कुठून आणणार? त्याला जुनाच घ्यावा लागतो. माझं भांडण आहे ते या व्यवहारातल्या निर्लज्जपणाशी. विकणारा आपली पाच-सहा वर्षं पुढे ढकललेली दुरुस्ती गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, आणि घेणारा पैसे वाचल्याच्या खुशीत तपासायचंच विसरतो.

चेनपासून सुरुवात करू, कारण विकणारा चेनबद्दल सगळ्यात कमी बोलतो.

ड्रायसूटची चेन म्हणजे पितळी दात असलेली जाड, अडेल वस्तू. अलीकडच्या सूटना प्लास्टिकच्या दातांचीही येते. पितळी चेनला दर वेळी मेण लावायचं असतं, सूट ठेवताना ती मोठ्या वळणात ठेवायची असते, आणि कुणीतरी बॅगेची झाकणपट्टी बंद होईना म्हणून तिच्यावर गुडघा ठेवला की तिचं आयुष्य संपायला लागतं. एखादा दात सरकतो, दोन दातांमधली पट्टी चिरते. चीर डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला बरोबर सापडते. चप्पल शिवावी तशी ती शिवता येत नाही. जुनी चेन कापून काढायची, नवी चिकटवायची, सूट वर्कशॉपमध्ये काही आठवडे पडून राहणार आणि बिल दोन-तीनशे पौंडांचं. म्हणजे विकणारा सूटचे साडेतीनशे मागत असेल आणि चेन गेलेली असेल, तर तो प्रत्यक्षात तुम्हाला फक्त बूट आणि कापड विकतोय.

आता या मंडळींची कलाकारी बघा. वर्षानुवर्षं मेणाचा तुकडा दाखवला नाही, चेन हिरवट पडली, अडकायला लागली. गिऱ्हाईक येणार त्या दिवशी सकाळी सिलिकॉनचा फवारा मारायचा. चेन लोण्यातून गेल्यासारखी सरकते, गिऱ्हाईक खूश. फक्त ते सिलिकॉन भोवतालच्या कापडात मुरतं आणि पुढे नवी चेन चिकटवायची वेळ आली की गोंद धरत नाही. एका फवाऱ्यात त्यानं गेलेली चेन तर विकलीच, शिवाय ती बदलण्याची वाटही बिकट करून ठेवली. हे अज्ञानातून होतं असं मानायला मी तयार नाही. ज्याला फवारा कुठं मारायचा हे कळतं, त्याला मेणही कळत असतं.

सीलच्या बाबतीत विकणारे थोडे प्रामाणिक असतात, कारण तिथं खोटं पटकन उघडं पडतं. लॅटेक्स हे नैसर्गिक रबर. ऊन, उष्णता, सनस्क्रीनचं तेल आणि ओझोन हे त्याचे शत्रू. लोक सूट ठेवतात कुठं? उन्हाळ्यात तापणाऱ्या माळ्यावर, नाहीतर गॅरेजमध्ये जुन्या फ्रीजशेजारी, जिथं विजेची मोटर थोडाथोडा ओझोन सोडत बसलेली असते. काही वर्षांत सील चिकट तरी होतं किंवा ताणल्यावर त्याच्यावर बारीक भेगांचं जाळं तरी उमटतं. अशा वेळी "सील नवी लागतील" एवढं विकणारा कबूल करतो आणि त्या कबुलीचं भांडवल करून बाकी सगळं ठणठणीत असल्याचं सांगतो. ताकाला आल्यावर भांडं लपवत नाही, एवढ्यावरच गिऱ्हाईक भारावून जातं.

एक गोष्ट मात्र कबुलीतही येत नाही. लॅटेक्सचं गळ्याचं सील निमुळतं असतं आणि पहिला मालक ते आपल्या गळ्याच्या मापानं कात्रीनं कापून घेतो. बैलमानेच्या माणसानं कापलेलं सील तुमच्या गळ्यावर सैल बसणार. कापलेलं रबर परत वाढत नाही. उलट बारीक गळ्याच्या माणसाचं सील तुम्ही "ताणेल हळूहळू" म्हणत चढवलंत तर प्रकरण गंभीर. मानेतल्या मोठ्या धमन्यांवर दाब पडला की हृदयाची गती मंदावते, चक्कर येते, माणूस शुद्धही हरपू शकतो. पाण्याखाली शुद्ध हरपणं म्हणजे काय, हे वेगळं सांगत नाही.

मग येतं अंगाचं माप. इथं मात्र मी विकणाऱ्याला सोडून आपल्या लोकांकडे वळणार आहे. वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची आपली जुनी सवय. दहावीपर्यंत चालेल असा गणवेश पाचवीत घ्यायचा. लेस्टरमधली आमची मराठी, गुजराती मित्रमंडळी तोच हिशेब ड्रायसूटला लावतात. एक्स्ट्रा लार्ज स्वस्त मिळतोय, आत दोन स्वेटर घालू! पण सैल सूटमध्ये जास्त हवा मावते आणि ती हवा तुमच्या सोयीनं एका जागी बसत नाही. जरा डोकं खाली झालं की ती पायांत धावते, पाय फुग्यासारखे वर जातात, बुटांतून पावलं सुटतात, फिन निसटतात आणि माणूस उलटा वर चढायला लागतो. हवा बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह तर दंडावर, म्हणजे आता हवेच्या खाली. वर जाल तशी हवा आणखी फुगते आणि वेग वाढतो. हे उलटं उड्डाण थांबवायला शिकवणीत खास सराव करून घेतात. सूट मापाचा असेल तर तो सराव उपयोगी पडतो. घट्ट सूटचं दुःख निराळं: हात मागे नेऊन पाठीवरच्या सिलिंडरची तोटी गाठता येत नाही. म्हणून सूट बघायला जाताना अंडरसूट घेऊन जा, पूर्ण चढवा, उकिडवे बसा, हात छातीशी घट्ट कवटाळा, मागे नेऊन बघा. विकणाऱ्याच्या दिवाणखान्यात हे करताना माणूस हास्यास्पद दिसतो. दिसू दे.

पुरुषांच्या सूटला मांडीजवळ कधी कधी आणखी एक व्हॉल्व्ह असतो. तासाभराच्या थंडीत लघवी आवरत नाही, त्याची ती सोय. जुन्या सूटबरोबर तो नळीसकट येतो. नळी फेकायची हे सांगायला नको, पण व्हॉल्व्हसाठी पाडलेलं भोक ही गळतीची आणखी एक जागा आहे, हे कुणी बोलत नाही. लाजेखातर म्हणे.

छातीवरच्या व्हॉल्व्हला हवा पुरवणारी नळी हा या बाजारातला सगळ्यात क्षुल्लक समजला जाणारा भाग. सूट विकताना ती द्यायचं लोक विसरतात, किंवा मुद्दाम स्वतःकडे ठेवतात, कारण नव्या सूटलाही चालेल. जोडणीचे प्रकार वेगवेगळे असतात. एका व्हॉल्व्हची नळी दुसऱ्याला बसेलच असं नाही.

१ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या लेक मॅकडॉनल्डमध्ये, १८ वर्षांची एक मुलगी प्रशिक्षणाच्या डायव्हमध्ये मृत्यू पावली. तिच्या अंगावर जुना विकत घेतलेला ड्रायसूट होता आणि ड्रायसूटमध्ये ती पहिल्यांदाच उतरत होती. त्या सूटच्या व्हॉल्व्हला जोडता येईल अशी नळी तिच्या सामानात नव्हती. सूटमध्ये हवा सोडण्याची सोयच नाही आणि खिशांत, झटकन टाकून देता येणार नाही असं, सुमारे २० किलो शिसं. १० मीटरवर सूटमधली हवा निम्मी होते, २० मीटरवर एक तृतीयांश. नवी हवा आली नाही की सूट अंगाला आवळत जातो, हात हलत नाहीत, छाती फुगत नाही आणि तरंगण्याची ताकद संपलेली असते. तिच्या कुटुंबानं दावा लावला. प्रशिक्षण देणाऱ्यांनी हे सगळं बघूनही तिला पाण्यात नेलं कसं, यावर त्यात पुष्कळ आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पण मला त्या नळीपुढे जाता येत नाही. तीस-चाळीस पौंडांची वस्तू. आजही "नळी नाही, बाकी सगळं उत्तम" अशी जाहिरात दिसते, आणि लिहिणाऱ्याच्या लेखी तो "एक बटण तुटलंय" छापाचा तपशील असतो.

गळतीबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: घाम असतो हो. हे अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. थंड पाण्यात आतली वाफ कापडावर जमते, अंडरसूट दमट होतो. पण घाम पाठीवर आणि काखेत येतो. फक्त डाव्या पोटरीला घाम येणारा माणूस मी पाहिलेला नाही. तीन थरांचं पातळ कापड असेल तर सूट उलटा करून शिवणींवरच्या पट्ट्या बघाव्यात. त्या सुटायला लागल्या असतील, आतला रबरी थर सोलवटला असेल, तर एकेका भोकाला ठिगळ लावून काही होत नाही, सगळं कापडच झिरपायला लागलेलं असतं. जाड निओप्रीनच्या सूटची तऱ्हा आणखी वेगळी. भोक बाहेरून खांद्यावर असतं आणि पाणी आतल्या फोममधून वाट काढत कमरेला उगवतं. दुरुस्ती करणारेही वैतागतात.

हिशेब करू. मागितलेली किंमत ४०० पौंड. चेन २५०. गळा आणि दोन्ही मनगटं मिळून शे-सव्वाशे. नळी, व्हॉल्व्हची साफसफाई, टपालखर्च. ठोकळमानानं ८०० च्या वर गेलात. तेवढ्यात साधा पण नवा, स्वतःच्या मापाचा, हमी असलेला सूट येऊ शकतो. चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला, आणि कोंबडीही दुसऱ्याच्या मापाची. तरी लोक घेतात, कारण छातीवर नाव असतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पंधरा वर्षांपूर्वीचं मोठं नाव घातलेला माणूस पाण्यातून थरथरत बाहेर येतो आणि वर पुन्हा सांगतो की याचा कट काय सुंदर आहे!

माझ्या मते जुन्या सूटची किंमत ठरवायची रीत एकच. तशाच नव्या सूटच्या निम्म्यापासून सुरू करा आणि ज्या ज्या भागाचं वय विकणारा पुराव्यासकट सांगू शकत नाही, त्याच्या बदलण्याचा खर्च वजा करा. चेन बदलल्याची पावती नाही? मग चेन गेलेली धरा. पुष्कळदा उत्तर शून्याखाली येतं. विकणाऱ्याला ते अपमानास्पद वाटतं, आणि घासाघीस करणारे भारतीय अशी आपली ख्याती असल्यानं तो डोळेही फिरवतो. फिरवू द्यावेत.

घेणाऱ्यांमधले लबाडही मला ठाऊक आहेत. नवरा गेल्यावर गॅरेज रिकामं करणारी बाई डायव्हिंगमधलं काही जाणत नाही. तिला "जुनं झालंय, चाळीस देतो" म्हणून गेल्या वर्षी चेन बदललेला, दोन हजारांचा सूट उचलणारे महाभाग आहेत, आणि त्या संध्याकाळी पबमध्ये ते शौर्यकथा सांगत असतात. अशा घरात आधी पावत्यांची फाइल शोधायची आणि बाईंना खरी किंमत सांगायची असते. यावर मतभेद असू शकतो, हेच मला समजत नाही.

कायद्याकडून फारशी आशा नको. ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा दुकानदाराला बांधतो, माल समाधानकारक दर्जाचा असायला हवा असं म्हणतो. खाजगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला ते संरक्षण नाही. ती वर्णनाप्रमाणे असली म्हणजे झालं. त्यामुळे "कोरडा आहे, गळत नाही" हे शब्द लेखी घ्यावेत. फोनवर गप्पा मारणारा विक्रेता लिहायची वेळ आली की एकदम मितभाषी होतो, आणि ते मौन वाचायला शिकायला हवं.

चाचणी तर इतकी सोपी आहे की न करण्याला सबबच नाही. मनगटांच्या सीलमध्ये प्लास्टिकच्या दोन बाटल्या, गळ्यात एक चेंडू, चेन बंद, दंडावरचा व्हॉल्व्ह घट्ट, आणि छातीच्या व्हॉल्व्हमधून हवा. सूट माणसासारखा फुगून बसतो. साबणाचं पाणी फवारा. जिथं बुडबुडे, तिथं भोक. स्टोनी कोव्हच्या पार्किंगमध्ये एका गृहस्थांपुढे मी पिशवीतून बाटल्या काढल्या तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, नाही. आपली ओळख होऊन दहा मिनिटं झालीत आणि आपण मला जे विकताय ते घालून मी ३० मीटर खाली जाणार आहे. त्यांनी सूट परत गाडीत टाकला. तोच सूट पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी घेतला, जास्त किमतीला.

याच डायव्हरांना सिलिंडरच्या बाबतीत मात्र शिस्त बरोबर कळते. ब्रिटनमध्ये डायव्हिंगचा सिलिंडर दर अडीच वर्षांनी आतून तपासावा लागतो, दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली. तारीख धातूवर ठोकलेली असते. ती उलटली की दुकान हवा भरून देत नाही, हुज्जत घालून उपयोग नसतो, आणि जुना सिलिंडर विकताना पहिला प्रश्न तारखेचाच असतो. ड्रायसूटला तारीख नाही, शिक्का नाही, काही नाही. म्हणून मी आमच्या क्लबात ठराव मांडला: भिंतीवर जुन्या सामानाच्या चिठ्ठ्या लागतात, तिथं ड्रायसूटच्या चिठ्ठीसोबत गेल्या तीन महिन्यांतल्या हवेच्या चाचणीची पावती हवी आणि नळी सूटसोबतच विकलेली हवी, नाहीतर चिठ्ठी काढून टाकायची.

खजिनदार म्हणाले, अशानं कुणी चिठ्ठीच लावणार नाही. त्याच बैठकीत त्यांनी तारीख उलटलेला सिलिंडर क्लबच्या कॉम्प्रेसरवर आणल्याबद्दल दोन पोरांना झापलं होतं. मी त्याची आठवण करून दिली. त्यावर ते म्हणाले, "सिलिंडर फुटला तर आपली इमारत जाईल." खरं आहे. सूट गळला तर फक्त आतल्या माणसाचं काय ते होतं, तेही कुठल्यातरी लांबच्या तळ्यात, आपल्या आवाराबाहेर. ठराव सात विरुद्ध दोन असा पडला. वार्षिक सभेत पुन्हा आणणार आहे.